एका खोलीत ‘पुरावा?’, दुसरीत ‘हं…’

दवाखान्यात दोन गोष्टी न सांगता साठत जातात. एक, बाकावरची जुनी मासिकं आणि दुसरी, किस्से. मासिकं आम्ही दिवाळीच्या आधी रद्दीत घालायचो. किस्से कोण घेणार? ते माझ्याकडेच राहिले. आता चार मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, “अगं, तो जीपवाला सांग ना!” जीपवाला सांगितला की मौनीबाबा सांगावे लागतात आणि मौनीबाबांपर्यंत आलं की कमलबाईंना ओलांडून पुढे जाता येत नाही. म्हणून आज एकदाचे सगळे ओळीने सांगून टाकते.

नव्वद सालच्या आगेमागे जळगावात मनाच्या डॉक्टरांचा एक लहानसा दवाखाना होता. डॉक्टर दोन, तेही नवरा-बायको. सुधीर भिडे पुण्याचे, आणि मंगला मॅडम इकडच्याच, यावलकडच्या केळीच्या मळ्यात वाढलेल्या. मी धुळ्याची. समाजकार्याची पदवी घेऊन त्यांच्याकडे लागले होते. पद समुपदेशक. प्रत्यक्षात काम म्हणजे केसपेपर काढणं, बाकावर जागा करून देणं आणि ‘इथे शॉक देत नाहीत’ असं दिवसभर सांगत बसणं.

नवरा-बायकोचं बाकी सगळं ठीक होतं, पण एका बाबतीत जमत नव्हतं. स्वतःला कमी समजणाऱ्या माणसाला नुसत्या बोलण्याने बरं करायचं तर ते कसं? मॅडम म्हणायच्या, “‘मी बिनकामाचा’ हा त्यानं स्वतःवर केलेला आरोप आहे. आरोप आहे तर पुरावा माग! पुरावा नसला की आरोप आपोआप पडतो.” सर म्हणायचे, “वाद घालून कुणी मोठं होत नाही. त्याचं कुणी आयुष्यात नीट ऐकलेलंच नसतं. आपण मध्ये न बोलता ऐकायचं. ऐकलं गेलं की माणूस स्वतःला किंमत द्यायला लागतो.”

हे भांडण घरातून दवाखान्यात आलं आणि शेवटी ठरलं, की तुलना करायची! चहाच्या जुन्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. स्वतःला कमी समजणारं वयानं मोठं माणूस आलं की एक चिठ्ठी काढायची. ‘एक’ निघाला तर मॅडमची खोली, ‘दोन’ निघाला तर सरांची. वर्षाअखेर बघायचं, कुणाचे पेशंट जास्त सुधारले ते. दोघांनाही आपणच जिंकणार याची पक्की खात्री होती. कमी समजण्याचा त्रास त्या घरात कुणालाच नव्हता!

*

सरांनी दारावर पाटी लावली. ‘आपण स्वतःला कमी समजता का? आत या.’

आठवडाभर एकही माणूस आत आला नाही. मग माझ्या लक्षात आलं, जो स्वतःला कमी समजतो तो अशी पाटी वाचून आत येईल कसा? असली माणसं समोरच्या चहाच्या टपरीवर उभी राहून पाटी वाचायची आणि मी बघितलं की विजेच्या तारा मोजायला लागायची.

जे आत यायचे, ते दुसऱ्याची तक्रार घेऊन यायचे. एकदा चोपड्याकडच्या एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. नवरा कडक इस्त्रीचा, पायावर पाय टाकून बसला. मी म्हटलं, हे कुठून कमी समजणारे वाटतात? तरी रीतीप्रमाणे न्यूनगंड म्हणजे काय ते दोघांना समजावून सांगितलं. बाईंनी मन लावून ऐकलं. मग टेबलावर वाकून मला हळूच म्हणाल्या,

“बाई, आमना मालक सोताले भलता मोठा समजतस. तुम्ही म्हंतस तो न्यूनगंड यास्ले जरासा व्हई, असं काही औषध शे का?”

*

त्यानंतर मी पद्धत बदलली. टपरीवर जायचं, चहा सांगायचा आणि तारा मोजणाऱ्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. कमलबाई मला अशाच सापडल्या.

पहूरच्या एका खासगी शाळेत त्या शिक्षिका होत्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या. पदर खांद्यावर घट्ट धरलेला. बोलायला लागल्या की आधी माफी मागायच्या. “माफ करा हं, तुमचा वेळ घेते.” चहा सांडला टपरीवरच्या पोऱ्यानं आणि सॉरी म्हणाल्या या!

त्यांचं दुखणं मात्र साधं नव्हतं. शाळेत सगळ्यांत सीनियर त्या. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की नियमाने ती त्यांनाच मिळायची. पण आमच्याकडे खासगी संस्थांत एक पद्धत होती. सीनियर माणूस नको असेल, तर त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं, ‘ही जबाबदारी मला झेपणार नाही, माझी हरकत नाही.’ नकारपत्र म्हणतात त्याला. एकदा ते हातात पडलं की खालच्या माणसाला खुर्चीत बसवायला संस्था मोकळी! कमलबाईंनी असं दोनदा लिहून दिलं होतं.

“कुणी जबरदस्ती केली?” मी विचारलं.

“नाही हो. मलाच वाटतं, मले नाही जमणार. आबासाहेबांना तसं वाटतं ना, मग असेल तसंच.”

आबासाहेब म्हणजे संस्थेचे चेअरमन. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याचे मालक. बाई नव्या नव्या असताना पंधरा ऑगस्टला भाषण करायला उभ्या राहिल्या आणि मध्येच विसरल्या. तेव्हा आबासाहेबांनी माइक घेऊन सांगितलं, “बाईंना वर्गातच ठेवा, स्टेजवर आणू नका.” सगळं मैदान हसलं. कमलबाई म्हणाल्या, “मीही हसले.” हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मला त्या माणसाचा भयंकर राग आला. अजूनही येतो.

आता हेडमास्तर उन्हाळ्यात रिटायर होणार होते. आबासाहेबांचा मेहुणा त्याच शाळेत गणित शिकवायचा आणि कमलबाईंपेक्षा चांगला ज्युनियर होता. म्हणजे तिसरं नकारपत्र मागितलं जाणार हे ठरलेलं. कमलबाईंना एवढंच हवं होतं, की या वेळी हात सहीकडे जाऊ नये. मी त्यांना रस्ता ओलांडून आत आणलं आणि डब्यातून चिठ्ठी काढली. ‘दोन’ निघाला.

*

दोन म्हणजे सरांची खोली. पेशंट तिला ‘मौनीबाबांची खोली’ म्हणायचे. सर समोर बसायचे, मान किंचित तिरपी करायचे आणि म्हणायचे, “हं…” बस्स! तास संपेपर्यंत जास्तीत जास्त, “हं… मग?”

दोंडाईच्याचा एक होतकरू शिंपी होता. होतकरू म्हणजे तिशीचा, पण दुकानाला स्वतःचं नाव द्यायला घाबरायचा. त्याची आई त्याला पॅसेंजरने घेऊन यायची आणि खोलीत त्याच्या शेजारी बसायची. एकटं पाठवणं आमच्याकडे कुणाला पटतच नाही. सर पहिल्या दिवशी “हं” म्हणाले. दुसऱ्या खेपेला “हं” म्हणाले. तिसऱ्या खेपेला म्हातारीने पिशवीतून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

“साहेबना घसा बठेल शे. काढा लई उनू.”

शिंपी लाजेने अर्धा झाला. सरांनी बाटली बघितली, म्हातारीकडे बघितलं, आणि आमच्या पुणेरी डॉक्टरांनी एक घोट घेतला. काढा इतका कडू होता, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कसा शे?” म्हातारीने विचारलं.

सर म्हणाले, “हं…”

कमलबाईंचं तर विचारूच नका. त्या बोलायला घाबरायच्या आणि सर बोलायचे नाहीत. पहिले दोन-तीन गुरुवार खोलीतून आवाज म्हणून आला नाही. मी दाराला कान लावला, तर फक्त पंखा ऐकू आला. तास संपल्यावर बाई बाहेर येऊन म्हणाल्या, “सर किती छान बोलतात नाही!”

आणि सर आतून म्हणाले, “आजवरचं माझं सगळ्यांत चांगलं सेशन!”

*

मॅडमच्या खोलीला पेशंट ‘कोर्ट’ म्हणायचे. तिथे मान तिरपी वगैरे काही नाही. “बिनकामाचा? कशावरून? पुरावा?” नवा पेशंट पहिल्या दिवशी घाम पुसतच बाहेर यायचा.

चोपड्याजवळच्या एका गावातला प्रल्हाद कोर्टात होता. धडधाकट माणूस, पण बोलणं एकच. “मी बिनकामना शे.” मॅडमनी त्याला घरचा अभ्यास दिला. “आठवडाभर विचार कर. तू बिनकामाचा आहेस याचा पुरावा आणि नाहीस याचा पुरावा, दोन्ही घेऊन ये.”

पुढच्या वेळी प्रल्हाद आला तो तोंडभर हसत.

“पुरावा लयनू, बाई. बठ्ठा खाले जीपमा बठेल शेतस!”

मी खिडकीतून बघितलं. खाली जीप, आणि जीपमधून माणसं उतरतच होती. थोरला भाऊ, सासरा, सरपंच, शेजारचे आजोबा. सगळे स्वच्छ टोप्या घालून. साक्षीला जायचं म्हटल्यावर माणूस टोपी तरी धुणारच की!

मॅडमनाही माघार घ्यायची सवय नव्हती. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं. साक्षी सुरू झाल्या. थोरला भाऊ म्हणाला, “खोटं कसाले बोलू? हाऊ खरंच बिनकामना शे.” सासऱ्यांनी मान हलवली. म्हणाले, पोरगी दिली तेव्हाच शंका होती. सरपंच म्हणाले, याला कुठल्या कमिटीवर घेण्यात अर्थ नाही, हा हातच वर करत नाही. आजोबांनी तर याच्या लहानपणीची हरवलेली म्हैस काढली. प्रल्हाद प्रत्येक साक्षीला “बराबर शे” म्हणत होता. मी दारात उभी राहून मॅडमकडे बघत होते. म्हटलं, संपलं. ही केस हरली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, “जीप कोणी चालवत आणली?”

सरपंच टोपी नीट करायला लागले. शेवटी थोरला भाऊ म्हणाला, “यानीच. आमले कोठे येस?”

मॅडमनी विजयाने प्रल्हादकडे बघितलं. प्रल्हाद खाली मान घालून म्हणाला,

“पन बाई, गिअर जरासा आवाज करत व्हता…”

*

महिन्यातून एका रविवारी दोघं डॉक्टर धुळ्याला जायचे. तिथे तिसरा प्रकार, सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करायचं. एका शाळेचा वर्ग मिळायचा. मी आधी जाऊन गोलात खुर्च्या मांडायचे.

पहिल्याच रविवारी लोक आले आणि दाराजवळच्या सतरंजीवर बसले. खुर्चीवर कुणी बसेना. “तुम्ही बसा.” “छे छे, तुम्ही बसा.” “आम्ही खालीच बरे.” शेवटी सरही सतरंजीवर बसले, मॅडमही बसल्या. मधोमध रिकाम्या खुर्च्यांचा गोल, आणि आम्ही सगळे कोपऱ्यात गुडघ्याला गुडघा लावून!

मॅडमनी सांगितलं, “आपल्या शेजारच्या माणसाबद्दल प्रत्येकाने चांगलं बोलायचं. मनापासून. उभं राहून.”

आता सांगा, माणसाबद्दल चारचौघांत उभं राहून चांगलं बोलायची सवय आपल्याला कुठे असते? एकाच ठिकाणी, शोकसभेत! पहिला उठला तो एक रिटायर्ड पोस्टमन होता. त्याच्या शेजारी किराणा दुकानवाले नाना बसले होते, पन्नाशीचे, कुणी हाक मारली तरी दचकणारे. पोस्टमननं हात बांधले, आवाज खोल केला आणि सुरुवात केली. “नाना म्हणजे शांत स्वभाव. कुणाच्या अध्यात ना मध्यात. नानांसारखी माणसं आता होणे नाही. त्यांच्या कुटुंबाच्या दुःखात आपण सगळे सहभागी आहोत.”

नाना एकदम घाबरले. “अरे, मी आजून जित्ता शे!”

पण पोस्टमनला आता थांबता येईना. त्यानं नेहमीच्या सवयीनं शेवट केला, “आपण सर्व जण दोन मिनिटं शांत उभे राहू.”

आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला. सर उभे, मॅडम उभ्या, मीही उभी. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तर नानाही खाली मान घालून उभे होते!

मॅडम चिडल्या होत्या. पण त्या दिवशी जाताना नाना त्या पोस्टमनचा हात सोडतच नव्हते. म्हणाले, आपल्याबद्दल एवढं चांगलं लोक बोलतील हे जिवंतपणी कळलं, अजून काय पाहिजे?

*

तुलनेचं काय झालं ते सांगायचंच राहिलं. तुलना फुटली! आणि फुटली ती आमच्या बाकावर.

एके दिवशी सरांच्या खोलीत दोंडाईच्याचा शिंपी बसला होता. सरांना त्याचा चेहरा उतरलेला वाटला, म्हणून त्यांनी आपलं व्रत मोडून चक्क एक अख्खं वाक्य उच्चारलं. “मला वाटतं, आज तुम्ही नाराज आहात.”

शिंपी म्हणाला, “पुरावा?”

सर खुर्चीत सरळ झाले. हा शब्द त्यांच्या खोलीतला नव्हताच! त्यांनी मला बोलावलं. मॅडमनाही बोलावलं. चौकशी झाली. शिंप्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, “बाकावर शिकलो. तिकडचे लोक आम्हाला पुरावा शिकवतात, आम्ही त्यांना हं शिकवतो. कमलबाई नीट समजावून देतात.”

आता मला कळलं. गेले कित्येक गुरुवार पेशंट वेळेच्या आधी येऊन बाकाच्या एकाच टोकाला दाटीवाटीने बसायचे. मला वाटायचं, तिथे पंखा आहे म्हणून. पंखा नव्हे, तिथे कमलबाई बसायच्या! कोर्टातून कुणी घाम पुसत आला, की त्या विचारायच्या, “काय म्हणाल्या मॅडम?” मग मान किंचित तिरपी. “हं… मग?” माणूस मोकळा झाला, की आवाज न चढवता, “पण तुम्ही बिनकामाचे कशावरून हो?” प्रल्हाद तर एकदा नंबर येऊनही आत गेला नाही. म्हणाला, “माझं इथंच झालं.”

बाकावर एवढं करणाऱ्या कमलबाईंना मी विचारलं, “मग नकारपत्राचं?”

त्यांनी पदर घट्ट धरला. “दुसऱ्यांचं वेगळं हो. मले खरंच नाही जमत ना.”

तर तुलना गेली पाण्यात. कोण कोणत्या खोलीनं सुधारलं हे आता सांगणं म्हणजे कालवलेल्या शेवभाजीतली शेव वेगळी काढण्यासारखं होतं. दोघा डॉक्टरांत जोरदार वाजलं. संध्याकाळी किल्ल्या द्यायला मी वर त्यांच्या घरी गेले, तर दार उघडंच होतं. मॅडम ओरडत होत्या, “तू माझं कधीही ऐकत नाहीस, सुधीर!”

सर म्हणाले, “पुरावा?”

मग मॅडमचा आवाज आला.

“हं…”

मी किल्ल्या पायरीवरच ठेवल्या आणि आले.

*

मे महिन्यात आबासाहेबांचं बोलावणं आलं. त्या गुरुवारी कमलबाई आल्या तेव्हा नेहमीसारखा बाक भरलेला होता. बाईंच्या पदराला कापसाचे पुंजके चिकटले होते. सरळ जिनिंगवरून एस.टी.त बसून आल्या होत्या. शिंपी उठून उभा राहिला, प्रल्हादने पाणी आणून दिलं. दोन्ही डॉक्टर आपापल्या खोल्या सोडून बाहेर आले. आणि मग बाईंनी जे सांगितलं, ते असं.

आबासाहेबांनी त्यांना ऑफिसात बसवलं. कागद टाइप करून तयारच होता. पेनही काढून ठेवलेलं. “कमलबाई, तुम्हाला हे झेपणार नाही. दर वेळचंच आहे. करा सही.”

बाईंनी पेन घेतलं. “मी तुम्हाला खरं सांगते,” त्या आम्हाला म्हणाल्या, “माझा हात चालायलाही लागला होता. ‘क’ काढून झाला. आणि तोंडातून निघून गेलं, आबासाहेब, पुरावा?”

“कसला पुरावा?”

“मले झेपणार नाही याचा.”

आबासाहेबांनी असं बघितलं, जसं काही भिंतीवरचं कॅलेंडरच बोललं. “अहो, सगळे म्हणतात!”

“सगळे म्हणजे कोण?”

“सगळे म्हणजे… गावातले… म्हणजे आमच्या घरातून म्हणतात.”

इथे बाईंची हिंमत संपली. आता काय बोलायचं ते सुचेना. मग त्यांनी जे बिनशब्दांचं येत होतं ते केलं. मान थोडी तिरपी केली आणि म्हणाल्या, “हं…”

आबासाहेब म्हणाले, “मेहुण्याला हेडमास्तर केलं नाही, तर घरात राहणं मुश्कील होईल माझं.”

“हं… मग?”

“मग काय? विचारतं कोण मला त्या घरात?” आणि आबासाहेब सुटले! आधी मेहुणा झाला, मग बायको, मग वारलेले वडील, जे चारचौघांत यांना ‘ठोंब्या’ म्हणायचे. चहा आला, थंड झाला, दुसरा मागवला, तोही थंड झाला. शेवटी त्यांनी आवाज अगदी बारीक केला. “बाई, मी मॅट्रिक नापास. ग्रॅज्युएट लोकांच्या कागदांवर सह्या करतो, तेव्हा वाटतं, हे मनात हसत असतील. म्हणून आधी मीच हसून घेतो लोकांना.”

आणि मग आबासाहेबांनी रुमाल काढला. म्हणाले, “कापूस गेला डोळ्यात.”

“तुम्ही काय म्हणालात?” शिंप्यानं विचारलं.

“काही नाही. हं म्हटलं. बारा-चौदा वर्षं ज्या हसण्याला भ्यायले, ते हे होतं होय, असं वाटलं. मग एस.टी.ची वेळ झाली, म्हणून उठले.”

“आणि सही?” आम्ही सगळे एकदम ओरडलो.

कमलबाईंनी पर्समधून कागद काढला. खाली नुसता एक ‘क’ होता. आणि पहिल्यांदाच माफी न मागता त्या म्हणाल्या, “उरलेली सही आता हजेरीपुस्तकावर करीन, हेडमास्तरच्या रकान्यात.”

माझ्या डोळ्यांना धार लागली. माझ्या डोळ्यात तर कापूसही गेला नव्हता! प्रल्हादने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की समोरची टपरी उठून बघायला आली.

“बघितलंस?” मॅडम सरांना म्हणाल्या. “पुरावा!”

“तो एकच शब्द,” सर म्हणाले. “बाकी दोन चहा थंड होईपर्यंत नुसतं हं!”

आणि दोघं भांडत भांडत आत गेले.

*

जूनमध्ये शाळा सुरू झाली. कमलबाईंनी चार्ज घेतला. मेहुण्याने फार आदळआपट केली म्हणे, पण नकारपत्रच नाही तर करणार काय? बाईंचं गुरुवारी येणं थांबलं. बाकाचं ते टोक काही दिवस रिकामंच राहिलं. पंखा मात्र तिथेच फिरत होता.

आषाढातल्या एका गुरुवारी दवाखान्यासमोर पांढरी अँबॅसडर थांबली. पांढरा सफारी घातलेला एक भारदस्त माणूस उतरला. आधी टपरीवर गेला. पाटी वाचली. मी खिडकीतून बघितलं, तर विजेच्या तारा मोजायला लागला! मी रस्ता ओलांडून गेले, चहा सांगितला, हवापाण्याचं बोलले आणि त्यांना आत घेऊन आले.

केसपेपर पुढे ओढून मी नाव विचारलं. नाव ऐकून माझं पेन थांबलं. पहूरचे आबासाहेब! इतक्या महिन्यांचा माझा राग उसळून आला होता, पण ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं असे. मी गुपचूप चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला.

“चिठ्ठी नको. डॉक्टरही नकोत,” आबासाहेब इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले. “त्या कमलबाई इथे लोकांचं ऐकून घेतात म्हणे. कोणत्या खोलीत बसतात?”

“कमलबाई? आबासाहेब, त्या तर रोज तुमच्याच शाळेत असतात! तिथेच भेटा की.”

आबासाहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

“गेलो होतो ना शाळेत. दारातूनच म्हणाल्या, आत्ता तास आहे, काय असेल ते लिहून द्या!”